घरचं विमान, गाडीचं इंजिन

मागच्या आठवड्यात कँटीनमध्ये विषय कुठून कुठे गेला कोण जाणे, पण शेवटी गाडी घरी बांधलेल्या विमानांवर येऊन थांबली. चारकोपच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान आठवतंय ना? २०१६ साली बीकेसीला 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ठेवलं होतं ते. त्यांचे कष्ट, परवानगीसाठीच्या खेपा, यावर सगळ्यांनी आपापलं मत देऊन झालं. मग आमच्या टीममधला एक गाडीवेडा प्राणी म्हणाला, "अरे, ते सगळं ठीक आहे. पण मला एक सांग, विमानाला ते खास महागडं इंजिनच कशाला लागतं? माझ्या गाडीचं इंजिन दीड लाख किलोमीटर चाललंय. एकदा कुरकुरलं नाही. तेच काढून विमानाला लावलं तर काय बिघडलं?"

मी "वर गेल्यावर रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही बाबा" असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. टेबलावर हशा पिकला. पण घरी येताना लक्षात आलं, की हे काही उत्तर नव्हे. कडेला थांबता येत नाही हे महागड्या इंजिनालाही लागू आहेच की!

गंमत म्हणजे हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. अगदी शब्दशः. जगातलं पहिलं यशस्वी विमान घरी बांधलेलंच होतं आणि त्याचं इंजिनही घरगुतीच होतं. राइट बंधूंनी १९०२ च्या शेवटी मोटार-इंजिनं बनवणाऱ्यांना पत्रं पाठवली, की आम्हाला इतक्या वजनात इतक्या ताकदीचं इंजिन हवं आहे. कोणाकडूनही कामाचं उत्तर आलं नाही. शेवटी त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर यानं साधारण सहा आठवड्यांत एक इंजिन घडवलं. चार सिलिंडर, क्रँककेस ॲल्युमिनियमचं, ताकद जेमतेम बारा हॉर्सपॉवर. आजच्या अर्थानं कार्ब्युरेटर नाही, स्पार्क प्लग नाहीत. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणी घेताना बेअरिंग जाम झालं आणि क्रँककेसच फुटलं. नवीन ओतून आणेपर्यंत एप्रिल उजाडला.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना थोडीफार माहीत असते. मला जास्त रस आहे तो पुढच्या भागात. नोव्हेंबरमध्ये किटी हॉकच्या वाळूत इंजिन विमानावर चढवून सुरू केलं, तर इंजिन ठीक; पण त्याच्या अडखळत्या धक्क्यांनी पंख्यांचे दांडे खिळखिळे झाले. ते दुरुस्तीला पार डेटनला पाठवले. ते जाड होऊन परत आले, तर दांड्यांवरची साखळीची चाकं सैल होऊ लागली. ती शेवटी सायकलचे टायर चिकटवायच्या सिमेंटनं बसवली (हे मला फार आवडतं, आपला फेव्हिक्विक बाणा तिथेही होता). त्यानंतर एका दांड्याला चीर गेलेली दिसली. मग ऑर्व्हिल स्वतः रेल्वेनं डेटनला गेला आणि स्प्रिंग स्टीलचे भरीव दांडे करून ११ डिसेंबरला परत आला. १७ तारखेला विमान उडालं.

म्हणजे बघा, पहिल्या उड्डाणाआधीचा जवळजवळ सव्वा महिना इंजिनानं खाल्ला नाही, इंजिन आणि पंखा यांच्या मधल्या दांड्यानं खाल्ला. ही गोष्ट डोक्यात ठेवा. पुढची शंभर वर्षं हा दांडा आपला पाठलाग करणार आहे.

असं का होतं? पिस्टनचं इंजिन सलग जोर लावत नाही. ते गुद्दे मारतं. प्रत्येक स्फोटाला एक गुद्दा. दुसऱ्या टोकाला पंखा असतो, तो जड आणि आपल्या गतीवर ठाम. या दोघांमधला दांडा प्रत्येक गुद्द्याला किंचित पिळला जातो आणि परत सुटतो. झोपाळ्याला योग्य वेळी बोटानं जरी ढकललं तरी तो छपराला लागतो ना, तसंच या पिळाचं आहे. गुद्द्यांची लय आणि दांड्याची स्वतःची लय जुळली, की साध्या डोळ्यांना काही दिसत नसताना पोलाद काही तासांत, कधी काही मिनिटांत तुटतं. गाडीत क्लचच्या प्लेटमध्ये स्प्रिंगा असतात, रबराचे जोड असतात, आणि टोकाला पंख्यासारखं अवजड चाक नसतं. वर्षानुवर्षं एका कारखान्यानं हे सगळं मिळून जुळवलेलं असतं. आपण त्यातून फक्त इंजिन उचलतो आणि म्हणतो, हे तर दीड लाख किलोमीटर चाललंय. चाललंय खरं, पण दुसऱ्याच सिस्टिममध्ये!

शिवाय ते चाललंय आरामात. महामार्गावर ऐंशी-नव्वदनं जाणारी गाडी आपल्या इंजिनाच्या ताकदीचा लहानसा हिस्सा वापरत असते. विमान उडताना पूर्ण ताकद लागते आणि नंतरही तासन् तास साठ-सत्तर टक्क्यांच्या वर. आमच्या भाषेत सांगायचं तर लॅपटॉपवर चाललेलं सॉफ्टवेअर दिवाळी सेलच्या सर्व्हरवर टाकल्यासारखं.

असं असूनही गाडीचं इंजिन विमानात उत्तम चालल्याचं उदाहरण आहे आणि ते सगळ्यात प्रेमळ उदाहरण आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचं एक गाव. तिथे बर्नार्ड पीटनपोल नावाचा, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला मेकॅनिक राहायचा. १९२९ मध्ये त्यानं 'एअर कँपर' नावाचं लाकूड-कापडाचं दोन आसनी विमान केलं आणि त्याला फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन लावलं. त्या वेळी 'मॉडर्न मेकॅनिक्स' मासिकाच्या संपादकाचं ठाम मत होतं, की गाडीच्या इंजिनावर विमान उडणं शक्य नाही. पीटनपोलनं त्याच्याशी वाद घातला नाही. १९३० साली अशी दोन विमानं मिनीॲपोलिसपर्यंत उडवत आणून दाखवली. संपादकानं मग ते आराखडेच छापले! आज शंभरीला टेकलेल्या या आराखड्यावरून लोक अजून विमानं बांधतात.

पण त्यानं काय केलं ते नीट बघितलं पाहिजे. मॉडेल ए इंजिन म्हणजे ३.३ लिटरचं धूड, ताकद चाळीस हॉर्सपॉवर आणि तीही २२०० फेऱ्यांना. म्हणजे ते मुळातच संथ. पंख्याला जितक्या फेऱ्या हव्यात जवळपास तितक्याच. त्यामुळे मध्ये गिअर नाही, पट्टा नाही, लांब दांडा नाही. पंखा थेट इंजिनाला. बॅटरीवरचं इग्निशन काढून त्यानं मॅग्नेटो बसवला, म्हणजे बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहणार. पेट्रोल वरच्या टाकीतून आपसूक खाली येणार, पंपाची भानगड नाही. रेडिएटर पायलटच्या नाकासमोर उभा, दिसायला भयंकर, पण काम चोख.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हे विमान इतकं हलकं आणि संथ होतं, की इंजिन बंद पडलं तर ते स्कूटरच्या वेगानं कुठल्याही शेतात उतरू शकायचं. मिनेसोटात शेतांना तोटा नाही. इंजिन बंद पडायचं, माणूस उतरायचा, शेतकऱ्याशी दोन शब्द बोलायचा, दुरुस्त करून उडायचा. इंजिन किती वेळा बंद पडतं हा अर्धाच प्रश्न झाला. ते बंद पडल्यावर विमान काय करतं हा उरलेला अर्धा. पीटनपोलनं दोन्ही अर्धे सोडवले होते. त्याच्या मागून आलेल्या कित्येकांनी फक्त पहिल्याचा विचार केला आणि काहींनी तोही नाही.

आता बीडी-५.

ही गोष्ट मी खूप वर्षांपूर्वी अर्धवट ऐकली होती. या वेळी पूर्ण बघितली आणि झोप उडाली. जिम बीडी नावाचा अमेरिकन डिझायनर. बोलायला पटाईत, डोक्यानं हुशार, दोन्ही खरं. १९७० च्या सुमारास त्यानं एक चिमुकलं एकआसनी विमान जाहीर केलं. चार मीटरच्या आसपास लांबी, बंदुकीच्या गोळीसारखा आकार, पंखा मागे शेपटीला. घरी गॅरेजमध्ये जोडायचं किट, वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर, आणि इंजिन स्नोमोबाइलचं, म्हणून किंमत एखाद्या गाडीइतकी. बर्फावर पळणाऱ्या स्कूटरचं टू-स्ट्रोक इंजिन. दोनशे डॉलर भरा आणि नंबर लावा. फोटो पाहिलेत तर कळेल लोक वेडे का झाले ते. मी असतो तर मीही भरले असते. पुढच्या काही वर्षांत पाच हजारांच्या वर किट विकली गेली. त्या काळी एवढी मोठी ऑर्डर म्हणजे एखाद्या विमान कंपनीला हेवा वाटावा.

पहिलं उड्डाण १२ सप्टेंबर १९७१ ला झालं, ३६ हॉर्सपॉवरच्या स्नोमोबाइल इंजिनावर. विमान अस्थिर निघालं. ते बदललं, शेपटी नव्यानं केली, धातूचं शरीर केलं. ही कामं माणसं करू शकतात, त्यांनी केली. इंजिन मात्र कधीच स्थिरावलं नाही. कीकहेफर सोडून जर्मनीचं हिर्थ घेतलं. आता गंमत अशी की इंजिन पायलटच्या पाठीमागे खाली, पंखा शेपटीला वर. मग इंजिनाकडून पट्ट्यानं वरच्या दांड्याला गती द्यायची आणि तो लांब दांडा मागे पंख्यापर्यंत न्यायचा. ओळखीचा वाटतोय ना दांडा? तोच तो, किटी हॉकचा. पिळाची कंपनं सुरू झाली आणि ती काबूत आणण्यात महिने गेले.

हे अज्ञात संकट होतं असंही नाही. मोल्ट टेलर नावाच्या माणसानं १९४९ सालीच 'एअरोकार' ही उडणारी मोटार केली होती, तिचाही पंखा मागे आणि दांडा लांब. त्यानं मध्ये एक खास जोड घातला होता, ज्यात पोलादाचे बारीक छर्रे भरलेले असतात. गुद्दा आला की छर्रे किंचित घसरतात आणि धक्का गिळतात. एअरोकारला १९५६ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. म्हणजे उत्तर उपलब्ध होतं. पण आपलं डिझाइन वेगळं आहे, आपण नव्यानं सोडवू, हा आत्मविश्वास कुठल्या क्षेत्रात नसतो? आमच्याकडे तर दर सहा महिन्यांनी कोणीतरी लॉगिंगची लायब्ररी नव्यानं लिहितं.

१९७४ मध्ये हिर्थ कंपनी बुडाली. मागणीच्या मानानं फार थोडी इंजिनं पोचली होती. बीडीनं मग जपानच्या झेनोआ कंपनीचं ७० हॉर्सपॉवरचं इंजिन धरलं, त्याच्या तयारीत आणखी वर्षं गेली. तोवर कंपनीनं काय केलं, तर इंजिनाशिवायच किट पाठवायला सुरुवात केली. इंजिन मागाहून येईल. लोकांनी विश्वास ठेवला. संध्याकाळी कामावरून आल्यावर रिव्हेट मारत बसले. पंख झाले, शेपटी झाली, काच बसली. इंजिन आलं नाही. १९७९ साली कंपनीचं दिवाळं वाजलं आणि इंजिनांसाठी घेतलेले पैसेही गेले. बीडीला नंतर सरकारशी तडजोड करून लिहून द्यावं लागलं, की दहा वर्षं विमानांसाठी कोणाकडूनही आगाऊ पैसे घेणार नाही.

(याच विमानाची जेट आवृत्ती मात्र तुम्ही पाहिली असेल. १९८३ च्या 'ऑक्टोपसी'त, ज्यात बाँड उदयपूरला येतो, त्याच्या सुरुवातीला तो घोड्यांच्या गाडीतून जे इवलंसं जेट काढतो ते बीडी-५जे. साध्या पंख्याच्या विमानाला इंजिन मिळालं नाही आणि जेटला मिळालं!)

आता कल्पना करा. तुमच्या गॅरेजमध्ये चार-पाच वर्षांच्या संध्याकाळी ओतून केलेलं विमान उभं आहे. बायको-मुलांचे रविवार त्यात गेलेत. शेजारी दर महिन्याला विचारतात, कधी उडणार? सगळं तयार आहे, फक्त मधे एक भोक आहे इंजिनाच्या आकाराचं. अशा वेळी माणूस काय करतो? जे बसेल ते बसवतो. काहींनी होंडा सिव्हिकचं इंजिन बसवलं, काहींनी सुबारूचं, काहींनी स्नोमोबाइलची दुसरी कुठली. प्रत्येकाचा पट्टा वेगळा, दांड्याचा जोड वेगळा, पाण्याच्या नळ्या वेगळ्या. म्हणजे एक प्रयोग पाचशे लोकांनी केला असं झालं नाही. प्रत्येकानं आपापला एकेक प्रयोग केला. एकाच्या चुकीतून दुसऱ्यानं शिकावं, तर दुसऱ्याची चूक वेगळीच असायची.

आणि आता तो दुसरा अर्धा प्रश्न. गाडीचं इंजिन पाण्याचं, जड. विमान मूळ हिशोबापेक्षा जड झालं, की उतरायचा वेग वाढतो. बीडी-५ चे पंख आधीच आखूड, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास आलं की ते उडायचं सोडतं. हा वेग घेऊन शेतात उतरणं म्हणजे एक्स्प्रेसवेवरून थेट उसात गाडी घालणं, आणि तुमचे पाय पुढच्या टोकाला, जमिनीपासून वीतभर. त्यात पंख्याचा जोर विमानाच्या गुरुत्वमध्याच्या वरून लागतो. असा जोर नाक खाली दाबत असतो, म्हणून ते सावरायला विमान नाक वर करण्याच्या बाजूनं साधलेलं असतं. इंजिन बंद झालं की खाली दाबणारा हात एकदम सुटतो. नाक आपोआप वर जातं. बहुतेक पायलटांना सवय उलटी असते, इंजिन गेलं की नाक पडणार. इथे ते उठतं, वेग झपाट्यानं जातो, आणि सेकंद-दोन सेकंदांत काठी पुढे रेटली नाही तर पंखांची उचल संपते. उड्डाणानंतर शे-दोनशे फुटांवर हे झालं तर पुढे सांगण्यासारखं काही उरत नाही. बीडी-५ च्या सुरुवातीच्या उड्डाणांमध्ये माणसं अशी गेली. पहिल्याच उड्डाणात गेली. ज्या दिवसाची पाच वर्षं वाट पाहिली त्या दिवशी.

म्हणून मला हे निव्वळ इंजिनाचं अपयश वाटत नाही. इंजिन कधीही दगा देऊ शकतं हे माहीत असताना, दगा दिल्यावर अजिबात माफ न करणारं विमान त्याच्याभोवती रचलं गेलं. त्यातला एक भाग प्रायोगिक असता तर चाललं असतं.

हे सगळं जवळून पाहणारा एक तरुण इंजिनिअर होता. १९७२ ते १९७४ तो बीडीकडे चाचणी उड्डाणांचा प्रमुख होता. नाव बर्ट रटन. हो, तोच, ज्याचं 'व्हॉयेजर' १९८६ मध्ये न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. बीडी सोडून तो कॅलिफोर्नियात मोहावीला गेला आणि १९७५ मध्ये त्यानं 'व्हॅरीईझी' केलं. पहिल्या नमुन्याला इंजिन कोणतं? फोक्सवॅगन बीटलचं! आणि त्यावर त्याच्या भावानं त्याच वर्षी ऑशकॉशला लांब पल्ल्याचा जागतिक विक्रमही केला. पण मग लोक आराखडे मागू लागले. इथे त्यानं जे केलं त्याला मी सलाम करतो. विक्रम केलेलं इंजिन लोकांच्या हाती न देता त्यानं विमान नव्यानं आखलं, थोडं मोठं केलं, आणि त्यात कॉन्टिनेंटल ओ-२०० घातलं. हजारो सेस्ना १५० मध्ये चाललेलं, जुनाट, सर्टिफाइड इंजिन. स्वतः उडवायला एक आणि इतरांना सांगायला दुसरं.

सर्टिफाइड म्हणजे नेमकं काय, तर मला वाटायचं कागद. तसं नाही. त्यात दीडशे तासांची छळचाचणी असते, ज्यातला बराच वेळ इंजिन कमाल ताकदीवर चालवतात. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन स्वतंत्र मॅग्नेटो, बॅटरीशी संबंध नाही. आणि मुख्य म्हणजे त्यानंतर लाखो तास दुसऱ्या लोकांनी ते उडवलेलं असतं, त्यातून सापडलेली प्रत्येक खोट नोंदवून दुरुस्त केलेली असते. आपण महाग पैसे मोजतो ते धातूचे नव्हेत, दुसऱ्यांना आधीच येऊन गेलेल्या अडचणींचे. कॉर्व्हेअरचंच उदाहरण घ्या. शेव्हरोलेच्या या १९६० च्या गाडीचं सहा सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन पीटनपोललाही इतकं आवडलं होतं, की त्यानं फोर्डच्या जागी ते वापरलं. संथ विमानांत ते दशकानुदशकं चाललं. २००० च्या दशकात लोकांनी ते वेगवान विमानांत घातलं आणि क्रँकशाफ्टना चिरा जाऊ लागल्या, पंख्याच्या बाजूला. गाडीत क्रँकशाफ्टच्या टोकाला फिरता पंखा लटकत नसतो. विमान वळताना तो पंखा त्या टोकाला वाकवत असतो. मग क्रँक कठीण करून घेणं, पंख्याजवळ एक जादा बेअरिंग घालणं असे उपाय निघाले. चाळीस वर्षं चाललेल्या इंजिनाची खोट तेव्हा कळली.

मात्र सर्टिफाइड इंजिन घेतलं की सुटलो, असंही नाही. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात माँटेरेच्या समुद्रात कोसळला. विमान रटनचंच 'लाँग-ईझी', दुसऱ्या कोणी बांधलेलं, डेन्व्हरनं नुकतंच विकत घेतलेलं. इंजिन लायकमिंग, म्हणजे अस्सल विमानाचं. पण बांधणाऱ्यानं पेट्रोलची टाकी बदलायचा कॉक आराखड्यातली जागा सोडून पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. कुठल्या बाजूला कुठली टाकी, हे त्यावर लिहिलेलंही नव्हतं. तो फिरवायचा तर मागे वळावं लागायचं, आणि मागे वळताना पाय नकळत रडरवर दाबला जायचा. चौकशीत पुढे आलं ते हेच.

बांधणाऱ्याला आपल्या तडजोडी माहीत असतात. हात तिकडे आपोआप जातो. विकत घेणाऱ्याला त्या माहीत नसतात. सोडून गेलेल्या माणसाचा, एकही कॉमेंट नसलेला कोड ज्यांनी सांभाळलाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल, फक्त आपल्याकडे फार तर रात्री तीनला फोन येतो. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात-चौकशी संस्थेनं २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ सालचे २२४ अपघात त्यात तपासले होते. खासगी विमानांच्या ताफ्यात ही विमानं दहा टक्क्यांच्या आसपास, पण त्या वर्षीच्या जीवघेण्या अपघातांत त्यांचा वाटा २१ टक्के. सर्वाधिक अपघात दोन प्रकारचे: इंजिन-यंत्रणा बंद पडणं आणि हवेत विमानावरचा ताबा जाणं. (बीडी-५ मध्ये ही दोन्ही एकामागोमाग कशी येतात ते वर आलंच आहे.) आणि निम्म्याहून जास्त अपघात दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या विमानांचे. संस्थेच्या शिफारशींतली एक अगदी साधी होती: पहिल्या उड्डाणाआधी इंधनाचा प्रवाह नीट तपासून बघा. विमान उडताना ज्या कोनात असतं त्या कोनात ठेवून पेट्रोल पुरेसं येतंय का, एवढंच. याला ना पैसा लागतो ना पदवी.

पर्यायी इंजिनांची गोष्ट अपयशाचीच आहे असं मात्र वाटून घेऊ नका. ऑस्ट्रियाची रोटॅक्स कंपनीही स्नोमोबाइलवालीच. त्यांची टू-स्ट्रोक इंजिनं हलक्या विमानांत गेली तेव्हा कंपनी स्वतःच बजावायची, की हे इंजिन केव्हाही बंद पडू शकतं असं धरूनच उडा. १९८९ मध्ये त्यांनी ९१२ आणलं. चार सिलिंडर, फोर-स्ट्रोक, ८० हॉर्सपॉवर. ते ५८०० फेऱ्यांपर्यंत फिरतं, म्हणजे मध्ये गिअर हवाच, म्हणजे पिळाची भानगड आलीच. पण त्या गिअरमध्ये धक्के गिळणारी रचना इंजिनासोबत कारखान्यातच जुळवलेली, ठिणगीची व्यवस्था दुहेरी. सुरुवातीला कंपनी सांगायची, सहाशे तासांनी पूर्ण उघडून दुरुस्त करा. मग तो आकडा बाराशे झाला, पंधराशे झाला, दोन हजार झाला. बंगळुरूच्या एनएएलचं 'हंसा-३' रोटॅक्सवरच उडालं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये उडालेलं 'हंसा-एनजी'ही. स्नोमोबाइलवाल्यांचं इंजिन शेवटी विमानात बसलंच. बीडीचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. वीस वर्षं आणि एक गिअरबॉक्स एवढाच फरक पडला.

काल त्या मित्राला फोन करून हे सगळं ऐकवलं. दांडा, पिळ, नाक वर जाणं, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे मी हळू उडणारं विमान घेतलं, पंखा थेट लावला, इग्निशन दोन केली, तर चालेल?"

म्हटलं, अमेरिकेत असतास तर चाललं असतं. तिथे नियम असा, की सर्टिफाइड इंजिन आणि त्याच्या जोडीचा मान्य पंखा असेल तर पहिले पंचवीस तास चाचणीचे, नाहीतर चाळीस. (अलीकडे तासांऐवजी ठरावीक चाचण्यांची यादी पुरी करण्याचाही पर्याय आहे.) तेवढा वेळ वस्तीपासून दूर, आखून दिलेल्या हद्दीत उडायचं. प्रवासी न्यायचा नाही.

"चाळीस तास एकट्यानंच? बायकोलासुद्धा बसवायचं नाही?"

"नाही."

तो जरा थांबला. "बरंय. ती तशीही बसणार नव्हती."